चाळीस बाटल्या आणि एक त्रिकोणी दाणा

वैशाखातली दुपार. वाळपईकडची माझी एक जुनी विद्यार्थिनी पिशवीत मधाची एक बाटली घेऊन फोंड्याला घरी आली. सोबत तिची मावशी. मावशी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात बायकांचा स्वयंसाहाय्य गट चालवते. कोकम, हळद, पापड आणि गेली काही वर्षं मध. गटाने पणजीतल्या एका दुकानदाराला चाळीस बाटल्या दिल्या होत्या. बाटलीवर चिठ्ठी होती, 'जांभळाचा मध'. त्याने त्या सगळ्या परत पाठवल्या. म्हणे हा जांभळाचा नाही. एक तर निलगिरीचा आहे, नाहीतर उत्तरेकडचा मोहरीचा स्वस्त मध आणून त्यात मिसळला आहे.

मावशीला मिसळल्याचा आळ जास्त लागला होता. "सर, आमच्या पेट्या आमच्या कुळागरात. मोहरी आम्ही फोडणीपुरती विकत आणतो," ती म्हणाली. कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग.

मी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य घातलं, पण मधाचा तपासनीस मी नाही. मध साखरेच्या पाकाने पातळ केला आहे का, हे मला सांगता येणार नव्हतं, आणि ते मी तिथेच सांगून टाकलं. कोणत्या झाडांवरून माश्या फिरल्या, एवढं मात्र पाहता येतं. माशी फुलातून रस उचलते तेव्हा पराग तिच्या अंगाला आणि रसाला लागतोच, आणि तो मधात उतरतो. परागकणाचं बाहेरचं कवच ज्या पदार्थाचं असतं त्याला स्पोरोपोलेनिन म्हणतात. सजीवांनी बनवलेल्या सर्वांत टिकाऊ पदार्थांपैकी तो एक. मध वर्षभर बरणीत राहिला तरी त्याला काही होत नाही. लाखो वर्षांच्या गाळातही तो ओळखू येतो, मग बरणीचं काय.

दुकानदाराच्या शंकेचे दोन भाग होते आणि दोन्हींची उत्तरं परागात मिळण्यासारखी होती. मोहरी असेल तर तिच्या परागाचे दाणे दिसतील. निलगिरी असेल तर तिचे. मला वाटलं, आठवड्यात हातावेगळं होईल. पावसाळा लागला तरी झालं नव्हतं, आणि त्यात माझा दोष होता.

दहा ग्रॅम मध

पद्धत जुनी आहे. दहा ग्रॅम मध कोमट पाण्यात विरघळवायचा. पाणी चाळीस अंशांच्या वर नको. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा. नळीच्या तळाशी जो करडा-पिवळट कण बसतो तोच सगळा पुरावा. वरचं पाणी ओतून द्यायचं, तळचा थेंब ग्लिसरीन जेलीत घालून स्लाइडवर घ्यायचा. जेलीत थोडं फुक्सिन असलं की दाणे गुलाबी दिसतात आणि डोळ्याला कमी त्रास होतो.

दुसरी वाट अ‍ॅसिटोलिसिसची, स्वीडनच्या गुन्नार एर्टमन यांनी रूढ केलेली. नऊ भाग अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड आणि एक भाग गंधकाम्ल यांच्या मिश्रणात दाणे गरम करायचे. आतला जीवद्रव्याचा भाग, सेल्युलोज, तेल, सगळं जळून जातं आणि नुसतं नक्षीदार कवच उरतं. या मिश्रणाला पाण्याचा थेंब चालत नाही, एकदम उसळतं. म्हणून आधी नळी ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने धुऊन पाणी काढून टाकतात. एका वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाने ही पायरी गाळली होती, तेव्हापासून प्रयोगशाळेच्या छताला एक तपकिरी डाग आहे.

अ‍ॅसिटोलिसिसची एक खोड आहे, ती गोव्यात काम करताना लक्षात ठेवावीच लागते. दालचिनीच्या कुळातल्या झाडांच्या परागाचं कवच इतकं पातळ असतं की ते या आम्लात विरून जातं. सत्तरीच्या रानात रानदालचिनी भरपूर. तिचे दाणे शोधायचे असतील तर आम्ल वापरून उपयोग नाही. म्हणून मी दोन्ही प्रकारच्या स्लाइड केल्या. एक साधी, एक आम्लाची.

भिंगाखाली

पहिली नजर टाकली आणि बरं वाटलं. मोहरीच्या दाण्याला तीन लांब खाचा असतात आणि अंगभर स्पष्ट जाळी, मासेमारीच्या जाळ्यासारखी. आकाराने पंचवीस मायक्रॉनच्या आसपास; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तसा एकही दाणा नव्हता. पुढे सहा स्लाइड पाहिल्या, तरीही नाही. मोहरीच्या मधात हे दाणे इतक्या मोठ्या संख्येने असतात की थोडं मिसळलं तरी ते लपत नाहीत. मावशीवरचा मोठा आळ पहिल्याच संध्याकाळी गेला.

काजूचे दाणे होते, आणि ते मला दुरूनही ओळखू येतात. तीन खाचा, प्रत्येक खाचेच्या मध्यावर एक छिद्र आणि कवचावर बारीक समांतर रेघा, बोटाच्या ठशासारख्या. आंब्याच्या दाण्यावरही अशाच रेघा असतात, कारण काजू आणि आंबा एकाच कुळातले. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं झाड आणि आपला आंबा यांचं नातं मुलांना पटवायला मी नेहमी या दोन स्लाइड शेजारीशेजारी ठेवत असे. फळं पाहून कोणी म्हणणार नाही. दाणे पाहून लगेच पटतं.

रानमोडीचे काटेरी गोल दाणे होते. सूर्यफुलाच्या कुळात जवळजवळ सगळ्यांचे दाणे असेच काटेरी, म्हणून तिथे मी 'रानमोडी' असं नाव मनातच ठेवतो आणि कागदावर 'सूर्यफूल कूळ, काटेरी' एवढंच लिहितो. नारळाचे थोडे दाणे होते, लांबट, एकाच खाचेचे.

या एका खाचेवर जरा थांबतो. शाळेत आपण एकदल आणि द्विदल असे दोन भाग शिकतो. नारळ एकदल, सोनचाफा द्विदल. पण भिंगाखाली दोघांच्याही दाण्याला एकच खाच. सोनचाफा, सीताफळ, दालचिनी ही झाडं जुन्या वळणाची. त्यांच्या परागाला तीन खाचा नाहीत. बाकीच्या बहुतेक द्विदलांना तीन खाचांचा किंवा तीनवरून निघालेल्या रचनेचा दाणा असतो. परागाचे अभ्यासक हे फार आधीपासून सांगत होते. 1998 नंतर डीएनएवर आधारलेलं वर्गीकरण आलं आणि त्यात तीन खाचांची ही झाडं एका मोठ्या गटात एकत्र पडली. त्या गटाला काही जण सरळ 'तीन खाचांचे' असंच म्हणत. बीजातली दलं मोजून केलेली दोन खोल्यांची वाटणी मोडली, आणि दाण्यावरची खाच खरी ठरली.

पण परागाने फसवल्याचीही उदाहरणं आहेत, तीही आपल्या सह्याद्रीतली. कारवी सगळ्यांना माहीत. डच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रेमेकांप यांनी 1944 साली कारवीच्या गटाची परागाच्या नक्षीवर मोठा भर देऊन फोड केली आणि पन्नासहून अधिक वंश केले. दाण्यांमध्ये फरक होताच, खोटं काही नव्हतं. पण पुढे डीएनए पाहिल्यावर ती बहुतेक घरं पुन्हा एका छपराखाली आणावी लागली. म्हणून जुन्या आणि नव्या पुस्तकांत कारवीचं लॅटिन नाव वेगवेगळं सापडतं. नक्षी वेगळी म्हणजे घराणं वेगळं असं नेहमीच नसतं. हे मला ठाऊक होतं. तरी पुढे मी जे केलं ते केलं.

त्रिकोणी दाणे

सगळ्यांत जास्त होते ते त्रिकोणी दाणे. वरून पाहिलं तर बाजू जवळजवळ सरळ, तिन्ही कोपऱ्यांना छिद्रं, आणि तिथून निघालेल्या खाचा मध्यावर येऊन एकमेकींना मिळालेल्या. समोशावर कोणी तीन रेघा ओढाव्यात तसं. ही ठेवण जांभळाच्या कुळाची. जांभूळ, पेरू, निलगिरी, जाम, सगळे त्याच कुळातले आणि सगळ्यांचा दाणा थोडाफार असाच. दाणे चपटे असल्याने ते स्लाइडवर नेहमी पसरून झोपतात आणि त्रिकोणच दिसतो.

बांडगुळाचा दाणाही त्रिकोणी असतो, पण तो मोठा आणि बाजू आत दबलेल्या. ती शंका पाच मिनिटांत मिटली.

जांभूळ आणि निलगिरी यांच्यातला फरक मुख्यतः आकाराचा. जांभळाचा दाणा लहान, पंधरा मायक्रॉनच्या आगेमागे. निलगिरीचा वीस ते पंचवीस. शिवाय निलगिरीत छिद्राजवळ कवच जाड होतं आणि बऱ्याचदा मध्यावर, खाचा मिळतात तिथे, कवचाचं एक लहानसं बेट शिल्लक राहतं. जांभळात खाचा सरळ मिळतात. आता पंधरा आणि बावीस यांतला फरक म्हणजे मिलिमीटरचे सात हजारावे भाग. तो डोळ्याच्या अंदाजाने नाही, आयपीसमधल्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगातल्या पट्टीने मोजतात.

मी मोजला. साडेसहा घरं. साडेसहा गुणिले साडेतीन, बावीसच्या वर.

त्याच संध्याकाळी विद्यार्थिनीचा फोन आला. मी म्हणालो, "मोहरी नाहीच. पण निलगिरीसारखं दिसतंय बाई." 'सारखं' हा शब्द मी बोललो, पण फोनवरून तो पलीकडे पोचत नाही. तिने मावशीला सांगितलं, मावशीच्या मुलाने दुकानदाराला. दुकानदार म्हणाला, बघा, मी सांगितलंच होतं. सत्तरीत वनखात्याच्या निलगिरीच्या लागवडी आहेत, त्यामुळे कोणाला संशयही आला नाही. गटात मात्र बोलाचाली झाली. कोणाच्या पेट्या त्या लागवडीजवळ आहेत, यावरून दोन बायकांनी एकमेकींशी बोलणं टाकलं. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

चूक मला काजूने दाखवली. चार दिवसांनी नोंदी नीट लिहायला बसलो, तेव्हा काजूच्या दाण्याचं माप पन्नास मायक्रॉन आलं. काजू मी तीस वर्षं मोजतो आहे. तो पस्तिशीच्या आसपासचा. गोव्यातला काजू अचानक इतका लठ्ठ होणार नाही.

कारण साधं आणि लाजिरवाणं होतं. आयपीसमधल्या पट्टीची घरं ही मायक्रॉन नसतात, नुसत्या रेघा असतात. त्या सूक्ष्मदर्शकात, त्या भिंगाखाली, एक घर म्हणजे किती मायक्रॉन हे दर वेळी मोजमापाच्या स्लाइडवर ताडून घ्यावं लागतं. त्या स्लाइडवर एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेले असतात. माझ्या डोक्यात साडेतीनचा आकडा बसला होता. तो कॉलेजातल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाचा. घरी आणलेला सूक्ष्मदर्शक दुसरा. त्यात एक घर अडीच मायक्रॉनचं निघालं. काजू पुन्हा पस्तीसवर आला. त्रिकोणी दाणा साडेसहा गुणिले अडीच, म्हणजे सोळा.

सोळा म्हणजे जांभूळ.

मी वर्गात पहिल्या तासाला जे सांगायचो, तेच विसरलो होतो. वर्गात मुलांना ओरडायचो ते निराळंच.

कुळागरातली डहाळी

तरीही या वेळी नुसत्या आकड्यावर बोलायचं नाही असं ठरवलं. पुस्तकातल्या मापावर भरवसा ठेवायला अडचण असते. दाणा आम्लात शिजवला की एक माप, साधा जेलीत ठेवला की दुसरं. जेलीत महिनोन् महिने राहिला की फुगून तिसरंच. पुस्तकातलं माप कोणत्या अवस्थेतलं हे पाहिलं नाही तर तुलना फसते. उपाय एकच, ज्या झाडावर संशय त्याचं फूल आणायचं आणि त्याच पद्धतीने, त्याच दिवशी, त्याच जेलीत स्लाइड करायची.

पण मे महिन्याचा शेवट. जांभळाचा मोहोर कधीच संपून झाडाखाली जांभळं पडत होती. विद्यार्थिनीने मार्ग काढला. ती शाळेत शिकवते, आणि मुलांकडून तिने वाळलेल्या फुलांचा संग्रह करवून घेतला होता. त्यात मावशीच्या कुळागरातल्या जांभळाची मोहोरासकट डहाळी होती, वहीच्या कागदावर सुईदोऱ्याने टाचलेली. फुलाच्या कळ्या उघडून मी पुंकेसर सोडवले. वाळलेल्या फुलाचा पराग चालतो, कवचाला काही होत नाही. निलगिरीची फुलं वनखात्याच्या लागवडीखाली पडलेली मिळाली.

दोन्ही स्लाइड एकाच दिवशी केल्या आणि मधाचीही नवी केली. मग मधातले त्रिकोणी दाणे एकेक मोजत बसलो, दोन संध्याकाळी. जवळजवळ सगळे चौदा ते सतरामध्ये, खाचा मध्यावर सरळ मिळालेल्या, कवच गुळगुळीत. कुळागरातल्या जांभळाशी हुबेहूब. काही मोजके दाणे तेवीसच्या घरातले, मध्यावर बेट असलेले. ते निलगिरीचे. म्हणजे माश्या तिकडेही गेल्या होत्या, पण फिरकल्यासारख्या.

इथे एक गोष्ट मी कागदावर लिहिली आणि मावशीला ती आवडली नाही. मी 'जांभूळ' असं लिहिलं नाही, 'जांभूळ वंश' असं लिहिलं. सत्तरीच्या रानात या वंशाची एकापेक्षा जास्त झाडं आहेत. भेडसही आहे. त्यांचे दाणे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे करता येत नाहीत. "भेडस म्हणजे पण जांभळासारखंच ना सर?" तिने विचारलं. माशीच्या दृष्टीने होय. माझ्या कागदाच्या दृष्टीने नाही. उष्ण कटिबंधातल्या रानाची ही जुनी डोकेदुखी आहे. युरोपातल्या एका कुरणात वंशाची एक-दोन झाडं असतात, दाणा पाहिला की नाव सांगता येतं. आपल्या रानात एका वंशाची पाच-सहा झाडं खांद्याला खांदा लावून उभी असतात आणि दाणा घराणं सांगून गप्प बसतो.

सहा खाचांचा दाणा

एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. मिटलं नाही, कारण स्लाइडवर अजून एक दाणा वारंवार येत होता आणि तो मोसमात बसत नव्हता.

लहान, गोलसर, वरून पाहिलं तर सहा पाकळ्यांच्या रांगोळीसारखा. सहा खाचा, पण त्यातल्या तीनच खऱ्या. त्यांच्या मध्यावर छिद्र असतं, परागनळी तिथून बाहेर पडते. उरलेल्या तीन नुसत्या दिखाऊ, छिद्राशिवायच्या. खरी आणि खोटी, आलटून पालटून. हे फार सुंदर दिसतं. सूक्ष्मदर्शकाचा बारीक स्क्रू हळूहळू फिरवला की आधी कवचाचा वरचा थर उजळतो, मग काळा पडतो, आणि खालची खाच वर येते. उजेड-अंधाराच्या या खेळाने कवचाची उंचसखल वाचायची ही रीतही एर्टमन यांचीच.

ही सहा खाचांची ठेवण किंदळाची आणि मट्टीची. मट्टी म्हणजे ऐन, गोव्याचा राज्यवृक्ष. दोन्ही एकाच वंशातली. आता किंदळ फुलतो पावसाळ्याच्या शेवटी आणि त्यानंतर. मट्टी फुलते पावसाच्या तोंडावर. आणि मावशीचा मध काढला होता चैत्रात, जांभूळ-काजूच्या मोसमात. चैत्रातल्या मधात किंदळ कुठून आला?

इथे मी पुन्हा घाई केली नाही, कारण दुसराही एक उमेदवार होता. अंजनीचा दाणाही लहान आणि खऱ्या-खोट्या खाचांचाच. अंजनीचं आणि किंदळाचं कूळ वेगवेगळं, पण दोन्ही एकाच मोठ्या गणातली, आणि उष्ण कटिबंधातल्या परागाचं काम करणारे लोक या दोन कुळांचे दाणे बहुधा एकाच ओळीत एकत्र मोजतात, कारण साध्या सूक्ष्मदर्शकाने ते सुटत नाहीत. अंजनी फुलते उन्हाळ्यात, मावशीच्या गावच्या देवराईत ती आहेच. म्हणजे मधातला दाणा अंजनीचा असेल तर काहीच गडबड नाही. किंदळाचा असेल तर मध दोन मोसमांचा.

शंभर पट भिंगाखाली तेल घालून मी दोन दिवस त्या दाण्यांकडे पाहिलं. कागदावर 'किंदळ किंवा अंजनी' असं लिहिलं आणि खोडलं नाही.

मग बाकीच्या साक्षीदारांकडे वळलो. लाजाळूचे दाणे भरपूर होते. ते एकटे नसतात. चार-चार एकमेकांना चिकटून येतात, आणि चौघांचं मिळून माप आठ-दहा मायक्रॉन, इतके बारीक की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती धूळ वाटते. लाजाळू रस देत नाही, माश्या तिचा नुसता पराग नेतात, आणि दाणे इतके लहान असल्याने ते मधात हजारांनी शिरतात. म्हणून टक्केवारी काढताना लाजाळू बाजूला ठेवून पुन्हा मोजणी करतात, नाहीतर सगळा मध लाजाळूचाच आहे असं वाटेल. पण मला टक्केवारी नको होती, मोसम हवा होता. लाजाळूचा भर पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत. सोबत गवत कुळाचे मोठे दाणेही होते, एकाच गोल छिद्राचे, छिद्राभोवती कडं. भाताच्या कुळातले. भाताचा फुलोरा भाद्रपद-आश्विनातला. सहा खाचांचे दाणे जिथे जास्त, तिथे लाजाळूही जास्त.

मी मावशीला फोन केला आणि आडवळणाने न जाता विचारलं, चैत्रातल्या मधात जुना मध घातला होता का?

थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "दिवाळीनंतर काढलेला थोडा होता बरणीत. साखरला होता. उन्हात ठेवून पातळ केला आणि मोठ्या पिंपात ओतला. आमचाच होता सर, बाहेरचा नाही."

बाहेरचा नव्हताच. ते दाण्यांनीही सांगितलं होतं.

चिठ्ठी

पराग मोजून मधाला एका फुलाचं नाव द्यायचं तर साधारण प्रमाण असं आहे की त्या झाडाचे दाणे पंचेचाळीस टक्क्यांच्या वर असावेत. 1978 साली लूव्हो, मॉरिझिओ आणि फोरवोल यांनी ही पद्धत सुधारून मांडली आणि अजून तीच चालते. लाजाळू वगळून मोजलं तरी जांभूळ वंशाचे दाणे त्या रेषेच्या खाली राहिले. सगळ्यांत जास्त, पण निम्म्याजवळ नाहीत. नंतर किंदळ किंवा अंजनी, मग काजू. निलगिरी नावापुरती. मोहरी शून्य.

तेव्हा मी एक पानी टिपण लिहिलं. मध सत्तरीच्या रानातला आणि कुळागरातला दिसतो, परप्रांतातल्या पिकाचा माग नाही, निलगिरीचा मध नाही, आणि 'जांभळाचा मध' असंही म्हणता येणार नाही. शेवटचं वाक्य लिहिताना हात जड झाला. पण आधीच्या फोनची भरपाई दुसऱ्या खोट्याने करता आली नसती. टिपणाच्या वरच्या ओळीत मी हेही लिहिलं की निलगिरीबद्दल मी आधी जे बोललो ते मोजण्यातल्या चुकीमुळे.

दुकानदाराने टिपण वाचलं आणि विद्यार्थिनीला विचारलं, "म्हणजे चांगला की वाईट?" त्याला वंश, कूळ, खाचा यांचं काही नव्हतं, आणि त्याच्या जागी मीही कदाचित हेच विचारलं असतं. चिठ्ठी बदलून 'सत्तरीचा रानमध' असं केलं तर घेईन, म्हणाला, पण वीसच बाटल्या. उरलेल्या वीस गणेशचतुर्थीच्या बाजारात गेल्या. त्या दोन बायका आता बोलतात, असं मावशी सांगते. विचारायला मी गेलेलो नाही.

मावशीने मधाची दोन पिंपं केली आहेत, एक दिवाळीचं, एक चैत्राचं. सातेरी माश्यांचा मध तसाही थोडाच, दोन भाग केले की आणखी थोडा. "सातेरी" हे नाव माशीचं, आणि आमच्या गावोगावच्या वारुळातल्या देवीचंही. मावशी पेटी उघडण्याआधी हात जोडते तेव्हा ती कोणाला जोडते, हे मी कधी विचारलं नाही.

माझ्याकडे मात्र काम वाढलं आहे. त्या वर्षापासून मावशी फुलं पाठवते, काडेपेटीत घालून, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून. काडेपेटीवर तारीख नसते. 'मट्टी, शाळेमागची, आगोटीच्या आधी.' 'कुंभा, शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी.' 'किंदळ, भात कापताना.' मला ही खूण तारखेपेक्षा बरी वाटते. प्रत्येकाची एक साधी आणि एक आम्लाची स्लाइड मी करतो, आणि डब्यावर पहिल्यांदा काय लिहितो तर सूक्ष्मदर्शक कोणता आणि एक घर किती मायक्रॉनचं.

गेल्या आठवड्यात अंजनीची काडेपेटी आली. देवराईतली, घंटेजवळची. निळीजांभळी फुलं सुकून काळी झाली होती. मी ती किंदळाच्या स्लाइडशेजारी ठेवून पाहिली, सहा खाचा तिथे, सहा खाचा इथे, आणि अंजनीच्या दाण्याचं कवच मला किंचित गुळगुळीत वाटलं. किंचितच. विद्यार्थिनीचा फोन आला तेव्हा मी तिला काही बोललो नाही. अजून दहा झाडांची फुलं पाठव, एवढंच सांगितलं.